बघतो, कळवतो

"तू नक्की करतेस काय गं?" अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात दर कार्यक्रमाला कुणी ना कुणी मला हे विचारायचंच. बाकीच्यांना कुणी विचारत नसे. बाकीचे सगळे कॉम्प्युटरवर काहीतरी करायचे, आणि ते काय, हे त्यांच्या बायकांनाही नीटसं माहीत नव्हतं. मी सांगायचे, "खेळ सोडणाऱ्या खेळाडूंना लोकांशी ओळखी कशा करायच्या ते शिकवते." समोरचा हातातली प्लेट सावरत जरा वेळ विचार करायचा आणि म्हणायचा, "आणि याचे पैसे देतात?"

देत होते. २००१ ते २००८, चांगली सात वर्षं दिले. नंतर मी एका कॉलेजात नोकरी केली, तिथून आता निवृत्तही झाले. पण कामाबद्दल लिहा म्हटल्यावर आठवतात ती हीच सात वर्षं. आमचं ऑफिस दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यावर होतं. मी मुलाखत घेत असताना खालून ड्रिलचा आवाज यायचा आणि आइस हॉकी खेळलेले धिप्पाड गडी दचकायचे. साहेबांचं नाव वॉल्टर. पूर्वी कॉलेजात फुटबॉलचे कोच होते. ‘जयश्री’ त्यांच्या जिभेला झेपेना, म्हणून पहिल्याच दिवशी मी ‘जे’ झाले ती कायमची.

ही नोकरी मला मिळाली कशी, त्याचं उत्तर खो-खोत आहे. अमरावतीला असताना मी विद्यापीठाच्या संघातून खेळले, आणि खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत लागले. आपल्याकडे ती एक सोय होती. गुडघे गेले तरी टेबल-खुर्ची शाबूत. बँकेतले लोक मला ‘पळून आलेल्या बाई’ म्हणायचे. मी हसायचे, पण व्हाउचरवर सही करताना रोज वाटायचं की ही खुर्ची माझ्या पायांना मिळालीय, मला नाही. पुढे लग्न झालं, श्रीकांतच्या नोकरीपायी अमेरिकेला आलो, काम करायची परवानगी मिळायला वर्षं गेली. तोवर मी इथल्या कॉलेजात समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला. मुलाखतीत वॉल्टरनी विचारलं, "खेळाडूचं खेळ सोडल्यावर काय होतं, तुम्हाला काय माहीत?" मी त्यांना त्या खुर्चीबद्दल सांगितलं. त्यांनी दुसरा प्रश्न विचारलाच नाही.

अमेरिकेत कोटा नाही. टीव्हीवर दिसतात ते मोजके सोडले, तर त्यांच्या खाली हजारो खेळाडू छोट्या गावांतल्या धाकट्या संघांतून खेळतात, बसने हिंडतात, कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून राहतात, आणि तिशीला एक दिवस त्यांना सांगतात, थँक यू. शाळेपासून दुसरं काही केलेलं नसतं. अशांना संघ किंवा त्यांची संघटना आमच्याकडे पाठवायची.

काम तसं साधं. आधी मी त्यांना एक वही द्यायची. तिच्यात त्यांना ओळखणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहायचं: बसचा ड्रायव्हर, मैदानाचं गवत कापणारा, ज्यांच्याकडे राहिलो ती म्हातारी, पाय बघणारा डॉक्टर. मग त्यातल्या एकेकाला फोन करायचा. नोकरी मागायची नाही. वीस मिनिटं मागायची. ‘तुम्ही हे काम कसं करता, मला सांगाल का?’ एवढंच. निघताना आणखी दोन नावं विचारायची, आणि दोन दिवसांच्या आत हाताने लिहिलेलं आभाराचं कार्ड टाकायचं. वॉल्टरना मी हे खो-खोच्या भाषेत समजावलं होतं. पाटीवर बसलेल्या गड्याला आपणहून उठता येत नाही, पाठीमागून कुणीतरी खो द्यावा लागतो. आमचं काम खो देणारे शोधायचं. वॉल्टर पुढे भाषणांत ते स्वतःचं म्हणून सांगू लागले, आणि ‘खो’ला ‘को’ म्हणू लागले.

साधं, पण कुणाला जमायचं नाही. एक हॉकीपटू होता, संघात त्याचं काम एकच: आपल्या मुख्य खेळाडूला कुणी धक्का दिला की त्याला जाऊन बडवायचं. तेरा वर्षं त्याने इमानाने मारामारी केली होती. "अर्जात काय लिहू?" त्याने विचारलं. आम्ही दोघांनी दुपारभर डोकं लावलं आणि लिहिलं, ‘सहकाऱ्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी’. आता तो शाळेची बस चालवतो. मुलं त्याच्या बसमध्ये हूं की चूं करत नाहीत. फोन करायला मात्र त्याने दोन महिने घेतले. दात पडल्यावर न रडणारा माणूस रिसीव्हर हातात घेऊन घामाघूम व्हायचा. म्हणायचा, "जे, मागायची लाज वाटते."

मला ते लगेच कळायचं, कारण मलाही तीच लाज होती. माझे वडील जिल्हा परिषदेत हेडक्लार्क. ‘वशिला’ हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा. मुलाला चिकटवा, बदली करून द्या, म्हणून लोक घरी यायचे. बाबा कुणाला तोंडावर नाही म्हणायचे नाहीत. चहा व्हायचा, आणि मग ते म्हणायचे, "बघतो. कळवतो." एवढं ऐकलं की आलेला माणूस उठायचा आणि चपला घालायचा. आई आतून विचारायची, "काय म्हणालात?" बाबा म्हणायचे, "बघतो म्हटलं." म्हणजे नाही. हे आम्हा भावंडांना अक्षरओळखीच्या आधीपासून पाठ.

टॉड आमच्याकडे आला तो २००४च्या सप्टेंबरात. बेसबॉलचा कॅचर, बत्तीस वर्षांचा. कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर समजा. चेंडू फेकणाऱ्यासमोर उकिडवं बसायचं आणि अंगावर येईल ते झेलायचं. अकरा वर्षं बसून त्याच्या दोन्ही गुडघ्यांचा भुगा झाला होता आणि संघाने त्याला नारळ दिला होता. बायको मेलिसाला चौथा महिना. बाळ फेब्रुवारीत येणार होतं आणि संघाबरोबर आरोग्यविमाही गेला होता. इथे विमा नोकरीला बांधलेला, आणि त्या काळी पोटुशी बाईला स्वतःहून विमा कुणी देत नसे. म्हणजे टॉडला नुसती नोकरी नको होती. विमा देणारी नोकरी हवी होती, आणि तीही फेब्रुवारीच्या आत.

टॉडची वही बघून मी चकित झाले. प्रत्येक बॉलरचं नाव, तो कशाने बिथरतो, काय बोललं की शांत होतो, सगळं लिहिलेलं. "हे लिहायला सांगितलं नव्हतं," मी म्हटलं. तो म्हणाला, "मला ओळखणारी माणसं लिहा म्हणालात. मला माहीत नाही कोण मला ओळखतं. मी कुणाला ओळखतो ते लिहिलं." पहिल्या तीन आठवड्यांत त्याने एकोणीस फोन केले. सगळे गोड बोलले. नोकरी कुठे नव्हती.

त्या शुक्रवारी वॉल्टर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "जे, सगळ्यांच्या वह्या उघडायला लावतेस. तुझी कुठेय?"

माझी वही म्हणजे मराठी मंडळ. चारशे घरं, त्यात डॉक्टर, कारखानदार, मोठमोठे मॅनेजर. तीन वर्षांत मी त्यांच्यातल्या एकालाही कामाचा शब्द टाकला नव्हता. तो वशिला झाला असता. पण मेलिसा आदल्या दिवशीच ऑफिसात येऊन गेली होती, पोटावर हात ठेवून नुसती बसली होती. मी टॉडला म्हटलं, उद्या गणपतीला चल.

"तू त्याला आरतीला उभा करणार?" श्रीकांतने विचारलं. "टाळ्या तरी वाजवता येतात का त्याला?"

इथला गणपती सोयीच्या शनिवारी येतो, हायस्कूलच्या भाड्याच्या हॉलमध्ये. टॉड इस्त्रीचा शर्ट घालून आला. आरतीत टाळ्या वाजवल्या, ताल सोडून, पण मनापासून. मोदक वरून पडल्यासारखा दोन्ही हातांनी झेलला, तेव्हा माझी लेक म्हणाली, "आई, ही इज सो फनी." मग मी त्याला मधुकाकांसमोर नेऊन उभं केलं.

मधुकाका थोसर मंडळातले सगळ्यांत जुने. साठीच्या घरातले. त्यांची हॉस्पिटलांना यंत्रं पुरवणारी कंपनी होती, तीस-पस्तीस माणसांची. टॉडने मी शिकवल्याप्रमाणे आधी त्यांच्याबद्दलच विचारलं: तुम्ही मूळचे कुठले, इथे कसे आलात? मधुकाका खूश. ओळख काढणं हा तर आपला आवडता उद्योग. समोरच्याचं गाव, आडनाव, मावशीचं सासर सापडेपर्यंत आपल्याला चैन पडत नाही. पण टॉडच्या गावाशी मधुकाकांचा धागा जुळेना. नेब्रास्कात थोसरांचं कुणीच नव्हतं. संभाषण आता आचके देणार, असं मला वाटलं. तेवढ्यात मधुकाकांचं लक्ष टॉडच्या उजव्या हाताकडे गेलं.

"करंगळी कशी मोडली?"

"चेंडूनं. तीनदा."

मधुकाकांनी स्वतःचा हात पुढे केला. त्यांचीही करंगळी बाहेरच्या बाजूला गेलेली. "कॉलेजच्या टीमचा विकेटकीपर होतो मी," ते म्हणाले. "स्वस्तातले ग्लोव्हज होते यार, आत नुसता कापूस." मग दोघांनी एकमेकांची बोटं धरून पाहिली, कुठलं कधी मोडलं, कुठलं पावसाळ्यात दुखतं. मागे प्रसादाची रांग खोळंबली. काकू येऊन म्हणाल्या, "अहो, त्याचा हात सोडा, त्याला जेवू द्या."

निघताना मधुकाकांनी मला बाजूला घेतलं. मी अडखळत टॉडची सगळी परिस्थिती सांगितली, बाळाचंही सांगितलं. बोलताना कान गरम झाले होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघतो. कळवतो."

मला लख्ख ऐकू आलं: नाही.

गाडीत टॉडने विचारलं, "काय म्हणाले ते?" मी म्हटलं, "भले गृहस्थ आहेत. पण त्यांच्या भरवशावर राहू नकोस. आमच्याकडे अशा उत्तराचा अर्थ नकार असतो." तो हूं म्हणाला. तरी दोन दिवसांत त्याने मधुकाकांना कार्ड टाकलं, कारण मी तसं शिकवलं होतं. मी मात्र त्यांना पुन्हा फोन केला नाही. एकदा बघतो म्हटलेल्या माणसाच्या मागे लागणं हे माझ्या बापाच्या घरात बसलं नसतं.

ऑक्टोबरात टॉड आयोवाला गेला. तिथे मेव्हण्याचा छपरं घालायचा धंदा होता. विमा नव्हता, ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणाला होता मेव्हणा. पण हातात काहीतरी हवं होतं. तसले गुडघे घेऊन तो शिडी चढायला गेला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला ऑफिसात मधुकाकांचा फोन आला. "अगं जयश्री, त्या तुझ्या कॅचरचा फोन का लागत नाही? बंद झालाय म्हणून मशीन सांगतं."

"काका, तो आयोवाला गेला."

"आयोवाला? कशाला?"

"तुम्ही बघतो म्हणालात, म्हणून मला वाटलं..."

"हो, म्हणालो ना बघतो! मग बघितलं! दीड महिना बघतोय. पार्टनर तयार नव्हता, त्याला पटवला. हॉस्पिटलातल्या नर्सेसना आमची मशीन्स शिकवायला माणूस लागतो, धीराचा, समोरचा घाबरला तर ओळखणारा. तशी पोस्ट नव्हती, ती काढली. त्याचं कार्ड अजून आहे माझ्या टेबलावर. तुला काय वाटलं, मी काय बघायला गेलो होतो? तारे?"

मी खो द्यायला निघाले होते आणि खो घालून बसले होते.

फोन ठेवल्यावर मी टॉडची फाइल काढली, आणि मग तिच्या मागच्या फाइलीही. किती ठिकाणी माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘कळवू म्हणाले’, आणि पुढे फुली. अमेरिकन माणसाच्या ‘कळवू’लाही मी बाबांचाच अर्थ लावत आले होते. त्यांतले काही खरंच नकार असतील. काही नसतील. कुठले, ते आता कळायला मार्ग नव्हता. ती फुल्यांची पानं मला अजून आठवतात.

टॉडला फोन करायला मला दोन तास लागले. तो हॉकीपटू आठवला. शेवटी मी शिकवते तसं कागदावर लिहून घेतलं: आधी चूक सांगायची, मग बातमी, कारणं द्यायची नाहीत. मेव्हण्याच्या ऑफिसने त्याला छपरावरून खाली बोलावलं. मी कागद वाचला.

तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या भाषेत ‘बघतो’ म्हणजे नाही."

"हो."

"आणि त्यांच्या भाषेत ‘बघतो’ म्हणजे बघतो."

"हो."

"आणि ती एकच भाषा आहे."

"हो."

"तुमच्या देशात कामं होतात कशी, जे?" तो हसला. मीही हसणार होते, तेवढ्यात तो हळू आवाजात म्हणाला, "मेलिसा डॉक्टरकडे गेलेली नाही. दोन तपासण्या चुकवल्या. विमा आला की जाऊ म्हणाली."

त्या वाक्याने मला जे झालं, ते आजही होतं. माझ्या एका शब्दाच्या अर्थापायी एक पोटुशी बाई डॉक्टरकडे न जाता घरी बसली होती. वशिला नको म्हणणाऱ्या माझ्या ताठ्याची किंमत ती मोजत होती, आणि तिला तो शब्दही माहीत नव्हता. मी सॉरी म्हटलं. फार पोकळ वाटलं ते.

नोव्हेंबरअखेर ते परत आले, डिसेंबरच्या एक तारखेपासून टॉड मधुकाकांकडे रुजू झाला, जानेवारीत विमा सुरू झाला. फेब्रुवारीपर्यंत मी रोज देवापुढे बसले. एरवी मी चतुर्थीलाही विसरणारी. मुलगी झाली, धडधाकट. मी बघायला गेले तेव्हा मेलिसाने बाळ माझ्या हातात दिलं. ती मला एक शब्द बोलली नाही त्या दिवसांबद्दल, पुढेही कधी नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी वहीच्या पहिल्या पानावर एक नियम वाढवला: ‘कळवतो’ म्हटलेल्याला दोन आठवड्यांनी फोन करायचा. नियम खेळाडूंसाठी म्हणून लिहिला, पण खरा होता तो माझ्यासाठीच.

२००८च्या शेवटी सगळीकडेच हात आखडले, संघांनी आमची फी बंद केली. वॉल्टरनी ऑफिसला कुलूप लावलं. जाताना म्हणाले, "आता वही उघड, जे." मी घरी आले आणि वही कपाटात ठेवली. तीन आठवडे ठेवली. शेकडो लोकांना मागायला शिकवलेली बाई स्वतःसाठी एक फोन लावू शकत नव्हती. पन्नाशीला आलेली, पायांवर मिळालेली खुर्चीही आता नव्हती. श्रीकांत म्हणायचा, "अगं, न्हाव्याचीच दाढी वाढलीय." मी त्याच्यावर डाफरायचे.

शेवटी टॉडलाच फोन केला. वीस मिनिटं मागितली. तो तोवर मधुकाकांच्या कंपनीत प्रशिक्षणाचा प्रमुख झाला होता, हाताखाली सहा माणसं, आणि अर्ध्या इलिनॉयतली हॉस्पिटलं नि कॉलेजं त्याला नावाने ओळखायची. एका डोनटच्या दुकानात भेटलो. मी पाठ केलेलं बोलायला लागले आणि तिसऱ्या वाक्याला अडखळले. टॉड मध्ये बोलला नाही. बॉलर बिथरला की कॅचर काय करतो ते मला त्या दिवशी कळलं. तो नुसता समोर बसून राहिला, कपाभोवती ती वाकडी करंगळी धरून, मी परत लायनीवर येईपर्यंत.

मग उठला, कोट चढवला आणि मधुकाकांच्या ऑफिसात शिकलेल्या मराठीत, माझ्या बाबांचे शब्द एकेक सुटा करून म्हणाला, "बघतो. कळवतो."

घरी श्रीकांत वाट बघत होता. "काय म्हणाला?"

"बघतो म्हणाला."

"अरेरे," श्रीकांत म्हणाला. "म्हणजे नाही."

मी रोज रात्री स्वयंपाकघरातला फोन आणून उशाशी ठेवायचे, आंघोळीला जाताना दार किलकिलं ठेवायचे. दोन आठवडे झाले असते तर नियमाप्रमाणे मीच केला असता. पण नवव्या दिवशी, पोळ्या करत असताना, फोन वाजला. पिठाच्या हातानेच उचलला.

"जे," टॉड म्हणाला, "बघितलं."